तो हात आधाराचा नव्हता

सुनंदाताईंचा तो फोटो काढून टाका.

ही विनंती नाही.

एकेकाळी आमच्या संस्थेत समाजकार्यकर्त्या असलेल्या सुनंदाताई काल गेल्या. आज सकाळपासून एकच फोटो फिरतो आहे. कुडाची भिंत, पुढे ताई, एक हात अर्धा उचललेला. मागे डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई.

खाली अध्यक्षांची ओळ: ‘सदैव आधाराचा हात.’

तो हात आधाराचा नव्हता. तो कॅमेरा अडवण्यासाठी उचललेला होता.

मला हे माहीत आहे, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.

मी तेव्हा संस्थेचा कार्यालय व्यवस्थापक होतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर. कागद पूर्ण असेल तर काम झाले, असे मानणारा.

रोज सकाळी येताना ताई ‘जय भीम, सर’ म्हणत. मी वर न पाहता मान हलवत असे.

कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन मजूर मरत होते, ती वर्षे. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी ताई मदतीचा फॉर्म भरून घ्यायला जात. झरी जामणीच्या जंगलातल्या रस्त्याने, स्कूटीवर, एकट्या.

आज त्यांच्या ‘सेवाव्रता’वर परिच्छेद लिहिणाऱ्यांनी हेही लिहावे, की कित्येक गावांत त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे.

पानठेल्यावरून आवाज येई, “आली पाहा फॉर्मवाली. आता कोणाचा नंबर, बाई?”

ताई स्कूटी स्टँडवर लावत म्हणत, “तुमचाच, भाऊ. असेच तोंड न बांधता फवारत राहा, पुढच्या खेपीले तुमच्याच घरी येईन.”

फोटोतल्या त्या बाईचे दार सातव्या खेपेला उघडले. तिची अट एकच होती.

“ताई, तू ये. पण फोटो नोको काढू.”

ताईंनी शब्द दिला.

माझा नियम असा होता, की लाभार्थीसोबत फोटो नसेल तर गृहभेट झालीच नाही असे धरायचे. ताई फोटो पाठवत. त्यात बंद दार असे आणि दारासमोर त्यांची स्कूटी. मी अहवाल परत पाठवत असे. शेरा: ‘लाभार्थी दिसत नाही.’

तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा मी स्वतःच गेलो.

अंगणात ताई त्या बाईच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“ताई, जरा बाजूला व्हा.”

“सर, मी शब्द देला हाय तिले.”

“दोन सेकंदांचे काम आहे.”

त्यांचा हात अर्धा वर आला, तेवढ्यात बटण दाबले गेले.

दाबले गेले नाही. मी दाबले.

तो फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. खालची ओळ मीच लिहिली: ‘फवारणी करताना विषबाधेने पती गमावलेली महिला.’ पुढे गावाचे नाव.

अहवाल गावात पोहोचला. ज्याच्या शेतात तिचा नवरा फवारत होता, तो तिच्या दारात येऊन म्हणाला, “माह्या वावरात मेला म्हणून छापून आणलं काय?”

त्या हंगामात तिला वेचणीला कोणीही बोलावले नाही. चारही बाजूंनी शेते पांढरी झालेली, आणि ती घरी बसून.

ताई तो अहवाल घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. टेबलावर ठेवला.

“सर, यात चूक शोधा.”

मी खरोखरच शोधली. शुद्धलेखनाचीही एक सापडली नाही. तसे सांगितले.

“तुमची चूक कुठीच सापडत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “तिले मात्र कोणी कामाले बोलवून नाही राह्यलं.”

वेचणी संपण्याआधीच ती बाई मुलीला घेऊन गाव सोडून गेली. दुसरीकडे ताईंनीच तिला काम मिळवून दिले. पुढच्या अहवालात नव्या पत्त्याचा रकाना कोरा होता. मी मेमो काढला. लेखी उत्तर आले:

‘पत्ता माहीत आहे. देणार नाही.’

वर्षअखेरीस ताईंचा करार वाढवला गेला नाही. सही अध्यक्षांची, शेरा माझा: ‘अहवाल अपूर्ण.’ त्याच अध्यक्षांनी आज त्यांना संस्थेच्या ‘आधारस्तंभ’ म्हटले आहे.

आज सकाळी मी अध्यक्षांना फोन केला.

“अरे बाप्पा, श्रद्धांजली हाय ते. त्यात कायले नियम काढून राह्यले? ताईचा तोच एक फोटो हाय आपल्यापाशी.”

तोच एक का आहे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

गेल्या महिन्यात मी ताईंना पाहायला दवाखान्यात गेलो होतो. बोलताना धाप लागत होती. मला पाहून म्हणाल्या, “पत्ता विचारायले आले काय, सर?”

मी नाही म्हणालो.

“बरं केलं. विचारला असता तरी नसता देला.”

मग त्यांनी सांगितले, की त्या मुलीचे लग्न ठरत आहे. नव्या गावात मायलेकींची जुनी गोष्ट कोणालाच माहीत नाही. कुठे, ते सांगितले नाही.

तो चेहरा ताईंनी इतकी वर्षे झाकून ठेवला. तुम्ही तो एका सकाळीत जिल्हाभर पोहोचवला, मुखपृष्ठावरच्या माझ्या ओळीसकट, गावाच्या नावासकट. वर हात जोडलेल्या इमोजी.

ज्यांनी पोस्ट केला, त्यांनी काढावा. ज्यांनी शेअर केला, त्यांनीही. ताईंविषयी आदर असेल तर तो एवढ्यापुरता दाखवा, बाकीचा नको.

या पोस्टसोबत फोटो नाही. माझ्या नियमाप्रमाणे ती अपूर्ण आहे. तशीच राहील.

ताई, शब्द तुम्ही दिला होता, मोडला मी. ‘भावपूर्ण’ म्हणण्याचा अधिकार मला नाही.

जय भीम, ताई.