आतोबांनी राखून ठेवलेला राजा

भांडुपच्या चाळीत बसून युरोपातल्या यच्चयावत राजाराण्यांची काळजी वाहणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. गाव मालवणाकडचं, नोकरी गिरणीत. संपात गिरणी बंद पडली आणि त्याच सुमारास रद्दीवाल्याकडे त्यांना युरोपच्या राजांचं एक जाडजूड, चित्रांचं पुस्तक मिळालं. इंग्रजी बेताचंच, अडलेला शब्द मला विचारायचे, उरलेलं अंदाजाने लावायचे. शेवटची पानं गळाली होती, त्यामुळे फ्रान्सचं राजघराणं त्यांच्या लेखी अजून सुखात नांदत होतं. ते बुडालं हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

नळाला हंडा लावून हटायचं नाव न घेणाऱ्या शेजाऱ्याला ते ‘चौदावा लुई’ म्हणत, कारण तोही बहात्तर वर्षं गादीवरून उठला नव्हता. बाजारात कोळणीला वाकून ‘एलिझाबेथ महाराणी’ म्हणाले, तर ती म्हणाली, “रानी म्हन नाय तर दासी म्हन, पापलेटाचा भाव त्योच!” एका लग्नात आहेराचं पाकीट देताना नवरदेवाला म्हणाले, “आठव्या हेन्रीने सहा केली, त्यातल्या दोघींची मुंडकी उडवली. तू एकीवर समाधान मान हां!” नवरीची आई मटकन खुर्चीत बसली. आत्या कपाळ बडवून घ्यायची. “घरच्या राणीला तांदूळ निवडून द्या म्हटलं की ह्यांची कंबर धरते!”

आणि याच आत्याने मला सून करून घ्यायचं ठरवलं. आमच्यात भावाची मुलगी करायची रीतच. बाबा गावाहून आले तेव्हा तिनेच त्यांना आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, त्यामुळे तिला नाही म्हणणं बाबांना या जन्मात शक्य नव्हतं. पण तिच्या विलासला मी दरवर्षी भाऊबीजेला ओवाळायचे हो! त्याच्याशी लग्न? अगं बाई! तोही माझ्यासारखाच तोंडाला कुलूप लावून बसला होता.

एका रविवारी सकाळी सगळी मंडळी घाटकोपरला आमच्याकडे आली. आत्या खण-नारळ बाहेर काढतेय, एवढ्यात आतोबांनी पिशवीतून पुस्तक काढलं.

“आज तरी ते राजे राहू द्या!” आत्या म्हणाली.

“एकच दाखवतो,” आतोबा बाबांकडे वळले. “स्पेनचा दुसरा चार्ल्स. ह्याचा बापच ह्याच्या आईचा सख्खा मामा. पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरात लग्नं. जबडा असा पुढे, की घास चावता येईना. दोन लग्नं केली, मूल नाही. घराण्याची पार वाट लागली.”

चित्र हातोहात फिरलं. ही एवढी लांब हनुवटी! आता, हनुवटी आमच्या घराण्यातही लांबच. बाबांची, आत्याची, विलासची, माझीही. बाबांचा हात हळूच आपल्या हनुवटीवर गेला. आत्याने लेकाकडे पाहिलं. तो नेमका कडक चकलीशी झटत होता.

“मेल्या, नीट चाव ना!” आत्या किंचाळली.

“चावतोय ना गं!”

शेवटी बाबा म्हणाले, “ताई, घाई काय आहे?” आणि आत्याने नारळ मुकाट्याने पिशवीत परत ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले आणि हुश्श करून अशी काही हसत-रडत सुटले की विचारू नका.

आत्याने आतोबांशी दोन महिने अबोला धरला. ताटात नुसती पेज आणि लोणचं. “हद्दपार राजाला एवढं मिळतं हेच खूप,” म्हणत ते पेज ओरपायचे. मी एकदा म्हटलं, “आतोबा, आधी मला विचारायचं तरी!”

“तुला विचारलं असतं तर तू ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली असतीस गो बाय. ह्या पुस्तकातल्या सगळ्या राजकन्या तेच म्हणाल्या असतील. म्हणून विचारलं नाही, तुझ्या तोंडाकडे बघितलं.”

पुढे विलासने आपल्या पसंतीने लग्न केलं, मी माझ्या. आतोबा गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं. स्पेनचं पान तेवढं दुमडलेलं आहे. इतर पानांवरचे शब्द त्यांनी मला विचारले होते. या पानावर प्रत्येक अवघड शब्दाखाली त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात, पेन्सिलीने, मराठी अर्थ लिहिलाय. कोणाकोणाला विचारत फिरले असतील, देव जाणे. मला मात्र त्यातला एकही विचारला नव्हता.