खंडेनवमीला आलेला ट्रक

आमच्या ह्यांचं डोकं फिरलंय, असं मी त्या दिवशी भर रस्त्यात म्हणाले, आणि अजूनही म्हणते.

दोह्यातल्या इंडस्ट्रियल एरियाला इथे सगळे सनैया म्हणतात. तिथे ह्यांचं छोटं वर्कशॉप होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीत खाली वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ऑइलचा वास, वर दाटीवाटीने राहणारे कामगार, एवढंच. आता एकीकडे टाइल्सचं शोरूम, दुसरीकडे काचेचं कॉफीचं दुकान. वरची माणसं तेवढीच, त्यात खाली गाड्या लावायला भांडणाऱ्यांची भर. कुकरचं हँडल बसवून द्यायला कुणी मिळत नाही, पण संगमरवरी बेसिन हवं तेवढं! आग लागो त्या बेसिनांना.

मग आमची पाळी आली. मालकालाही गाळ्याचं शोरूम करायचं होतं. लेथ मशीन हलवा, म्हणाला. लेथ म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. भंगारवाले येता-जाता डोकावायचे, पण ह्यांचा एकच हेका: "चालतं मशीन भंगारात देणार नाही. चालवणारा माणूस हवा." शोधशोध शोधून शेवटी कतारच्या उत्तर टोकाला, शमालला, बोटींचे शाफ्ट दुरुस्त करणारा एक मल्याळी सापडला. क्रेनचा ट्रक मिळाला की लगेच येतो, म्हणाला. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

तो आला नेमका खंडेनवमीला.

सकाळीच ह्यांनी लेथ लखलखीत पुसून, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती. सासऱ्यांच्या नाशिकच्या वर्कशॉपातला रिवाज असा, की पूजेला लागलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही, जागचं हलवायचंही नाही. दसऱ्याला पूजा उतरवली की मगच हात लावायचा.

"आज नहीं," हे म्हणाले. "आज मशीन पूजा में है. कल आना."

"भाई, क्रेन रोज थोडी मिलता है!" मल्याळी वैतागला. त्याचं काय चुकलं?

मी ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, माळ काढा, नमस्कार करा आणि जाऊ द्या त्याला. देव काय क्रेन पाठवणार आहे उद्या?"

"अगं, आजच्या दिवशी नाही."

"मग त्याला आधी सांगायचं!"

"तो आजच उगवेल हे मला काय ठाऊक?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ट्रक रिकामा परत गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. जाता जाता वाटेत त्याला दुसरं मशीन मिळालं होतं. खलास!

दसऱ्याच्या सकाळी मालकाचा मॅनेजर रंगाऱ्यांना घेऊनच दारात. "यल्ला, चलो, आज खाली करो." मागोमाग भंगारवाल्याचा ट्रक, त्याला बरोबर वास लागतो. ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, पण तोंड बंद ठेवणं मला कधी जमलंय? "घ्या! काल दिलं असतं तर आज शमालला चालू असतं. आता करा त्याचे तुकडे!"

ह्यांनी पुढे होऊन माळ काढली. कुंकू पुसलं नाही. माझ्या पिशवीत नाशिकहून आलेली आपट्याची पानं होती, संध्याकाळी वाटायला ठेवलेली. त्यातलं एक काढून त्यांनी लेथवर ठेवलं आणि हात जोडले.

मला वाटलं, आता तरी भांडतील, मॅनेजरकडे दोन दिवस मागून घेतील. एकदा तरी आडवे येतील.

"उठाऊँ?" भंगारवाल्याने विचारलं.

हे बाजूला सरकले. "उठाओ," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, "आज हलवायला हरकत नाही. पूजा उतरली."