आठ बोरी, एक झाड

सुग्रीवला कुठलंही काम अर्धवट सोडणं ठाऊक नव्हतं, आणि त्यानंच त्याचा घात केला.

बायकोचं, भामाबाईचं, माहेर माजलगावच्या धरणात गेलं, तेव्हा तिच्या दारातल्या बोरीची एक काडी त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून उमापूरला आणली होती. बांधावरच्या एका गावरान बोरीवर तिचा डोळा भरून कलम केलं. ती बोर अशी गोड निघाली, की संक्रांतीला आळीतल्या बायका पदर पसरून उभ्या राहायच्या. भामाबाईचा हात सैल. वाटून वाटून तिच्या तोंडात एक बोर पडेल तर शपथ.

"यंदा तुला पोटभर माहेर खाऊ घालतो बघ," म्हणत सुग्रीवनं एका उन्हाळ्यात बांधावरच्या उरलेल्या सातही गावरान बोरी बुंध्यापाशी छाटल्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावर तिच्याच बोरीचे डोळे भरले. कलमाच्या खालून गावरान फुटवा डोकावला, की हा खुडून टाकणार. औषधाला एक ठेवला नाही.

त्या साली फळ धरलं नाही. त्यानं पावसाला बोल लावला. पुढच्या साली आठही बोरी फुलांनी भरल्या, मधमाश्या घोंगावल्या, आणि संक्रांतीला फांद्या रिकाम्या. भामाबाई तोवर अंथरुणाला खिळली होती. अन्नावरची वासना उडाली होती. तरी रोज विचारायची, "आवं, बोरं लागली का?"

शेतकी शिकलेला भाचा शिवशंकर बांध फिरून आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मामा, ही आठ न्हाईत, एकच झाड हाय. या बोरीचं फूल सोताच्या झाडाचा पराग घेत न्हाई. दर झाडाला जन्मजात एक खूण असती. परागात तीच खूण दिसली, की फूल त्याला पुढं सरकूच देत न्हाई. भावकीत सोयरीक करतो का आपण? तसंच हाय. फळ धरत होतं ते त्या गावरान बोरींमुळं."

"मग आता?"

"गावरान फुटवे वाढू द्या. पावसाळा सरता सरता फुलतील. बोरं पुढच्या संक्रांतीला."

डॉक्टरनं होळीचीसुद्धा खात्री दिली नव्हती.

त्यानं बाजारातून मोठी बोरं आणली. भामाबाईनं एक चघळून हातावर काढलं. "ही आपली न्हाईत."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "माझ्यापायीच केलंत न्हवं," एवढंच म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. आता रागवायचं तरी कुणावर? नवऱ्याच्या मायेवर, की झाडाच्या जातीवर?

होळीआधीच ती गेली.

पुढच्या संक्रांतीला आठही बोरी लगडल्या. बायका आल्या, पदर भरून गेल्या. सगळ्या पांगल्यावर सुग्रीवनं धीर करून एक बोर तोंडात टाकलं. निदान चव तरी बदललेली असावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. चव तीच होती. तो बांधावर बसून हमसाहमशी रडला.