‘येते’ म्हणाले आणि निघाले

त्या रविवारी सकाळी सात ते दहा या वेळात मला चौघांनी एकच प्रश्न विचारला. आधी भूगावला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने, पाठीवरची सॅक बघून, “अकेले, मॅडम?” मग एसटीच्या कंडक्टरने. मग अभयारण्याच्या फाटकावर वही घेऊन बसलेल्या माणसाने, “एकट्याच?” माझं वय त्रेचाळीस. बारा वर्षांपूर्वी लातूरहून नोकरीसाठी आले, तेव्हापासून घरातला गळका नळसुद्धा माझा मीच दुरुस्त करते. पण पायी जंगल फिरायला निघाले, की जत्रेत हरवलेलं पोर असल्यासारखे सगळे माझ्याकडे बघणार. वहीत माझ्या मागे एका पुरुषाने नाव लिहिलं. गळ्यात हातभर कॅमेरा, सोबत चिटपाखरू नाही. त्याला फाटकावरचा एवढंच म्हणाला, “इथं सही करा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडत बसले नाही, कारण ऊन चढायच्या आत वर पोचायचं होतं.

चौथी होती ती वस्तीवरच्या शेवटच्या घरातली बाई. साठीची असेल. ओट्यावर वाल निवडत बसली होती, भिंतीवर खडूने ‘घरगुती जेवण मिळेल’ लिहिलेलं. मी पाणी मागितलं. तिने तांब्या दिला आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

“येकटीच व्हय?”

“हो. एकटीच.”

“वर गवं हायेत. कळपानं फिरत्यात. दोनपातुर येताल का? पिठलं-भाकर टाकते.”

मला तिथून सुटायचं होतं. “हो हो, बघू,” म्हणाले. तांब्या ओट्यावर ठेवला, “येते मावशी,” म्हणाले आणि चालायला लागले. “या,” ती म्हणाली.

पुढचे चार तास माझ्या मालकीचे होते. वाळलेल्या कारवीतून वाट चढत गेली. वर शेकरूचं घरटं दिसलं, शेकरू दिसलं नाही. गवे नाहीत, त्यांचं शेण तेवढं होतं. माथ्यावरच्या कातळावर बसून मी डब्यातलं थालीपीठ खाल्लं. तिथून धरणाचं पाणी खूप लांबवर दिसत होतं. कोणी मला काही विचारत नव्हतं. इतकं बरं वाटलं, की आल्या वाटेने परत जायचाही कंटाळा आला. डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवरून चांगली मळलेली पायवाट खाली उतरत होती. तिने थेट डांबरी रस्त्यावर आले, पाच मिनिटांत एसटी मिळाली. साडेचारला घरी. अंघोळ, चहा, आणि मस्त झोप.

सातला फोन वाजला. फाटकावरचा माणूस होता.

“ताई, कुठं आहात तुम्ही?”

“घरी.”

“घरी?” मग फोन बाजूला धरून तो कोणाला तरी म्हणाला, “घरी हाय ती!” मागून एका माणसाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. “अहो, चार वाजल्यापासून माणसं जंगलात हुडकतायत तुम्हाला. वस्तीवर रेंज नाही. शेवटच्या घरातल्या मावशींनी एकाला इथपर्यंत धाडलं, तेव्हा वहीतून तुमचा नंबर काढला. तुम्हाला सांगून जाता येत नाही?”

“हुडकायला सांगितलं कोणी होतं?” मी ओरडले आणि फोन ठेवला.

आठवडाभर मी धुमसत होते. बाईमाणूस एकटं दिसलं, की लगेच ती हरवलीच पाहिजे, पडलीच पाहिजे! तो कॅमेरावाला परत नसता आला, तर निघाले असते का कोणी टॉर्च घेऊन? ऑफिसात दोघींना सांगितलं, दोघीही म्हणाल्या, “बघ ना!” तेवढ्याने माझं समाधान होईना. पुढच्या रविवारी पुन्हा एसटीत बसले, वस्तीवरच्या त्या बाईला चार शब्द सुनावायला.

ती ओट्यावरच होती. शेजारी तिचा नवरा, पाय समोर लांब करून, घोट्याला क्रेप बँडेज. मला बघून ती उठली नाही, पाणीही विचारलं नाही.

“मावशी, जरा बोलायचंय.”

“बोल की.” मागच्या वेळचं ‘तुमी’ गेलं होतं.

मी बोलले. मी लहान नाही. माझं मला कळतं. मला कोणाची राखण नको. बाई एकटी फिरली, की तुमच्या पोटात का दुखतं? तो कॅमेरावाला माझ्यासारखाच एकटा होता, त्याला का नाही हुडकलंत?

तिने मला पूर्ण बोलू दिलं.

“त्यो हितनं गेला, येक शबुद बोलला न्हाई. त्याला कोन कशाला हुडकील? तू म्हनलीस, येते. मी म्हनलं, या. तीन वाजलं, चार वाजलं. पिठल्याचा गोळा झाला. ह्ये म्हनलं, गेली आसंल. मी म्हनलं, येते म्हनून गेलिया, तशीच जाईल कशी?”

मला हसू आलं, तेही कुत्सित. “अहो, येते असं म्हणायची पद्धत असते. निघताना कोणी ‘जाते’ म्हणतं का?”

“म्हनत न्हाई. कारन परत यायचं आसतं.”

मी आवाज चढवला. “मला काही झालं असतं, तर माझं मी बघितलं असतं!”

“ह्यांचा पाय वड्यात मुरगाळला तुला हाका मारताना. मंग त्यो बी तूच बघ.” नवरा खाली मान घालून बसला होता. आम्हा दोघींच्या मध्ये पडायची त्याची अजिबात इच्छा दिसत नव्हती. तिने वालाचं सूप बाजूला सारलं. “येक सांग. त्या दिशी तुज्या घरी कोन वाट बघत हुतं?”

“कोणी नाही!” मी इतक्या जोरात ओरडले, की परसातलं कुत्रं भुंकायला लागलं. “कोणीच नसतं! मी नसते आले, तर मंगळवारी ऑफिसात कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, बास!”

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

“मंग आमी बघितली,” ती म्हणाली, “तर येवढा राग का आला तुला?”

ती गोडीत विचारत नव्हती. माझ्याइतकीच चिडली होती, आणि तिला खरोखर उत्तर हवं होतं. मी उन्हातून पुढे झाले आणि तिच्या ओट्याच्या कडेवर बसले.