शालूची एकच कळी

मी काही लिहिणारा नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि असाइनमेंटपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. त्यामुळे गुंगालिन या उपनगरातल्या आमच्या घरमालक काकांवर लिहिण्याच्या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो. पण फुलांच्या तीन पिढ्या तोंडपाठ असलेला आणि भाडेकरूचं नाव एकदाही बरोबर न घेतलेला असा दुसरा माणूस साऱ्या ऑस्ट्रेलियात नसेल.

काका डेलिली नावाच्या फुलझाडांचे संकर करत. दोन खाटा मावतील एवढं परस, त्यात दोनशे कुंड्या. एका फुलाचे पराग चिमट्याने दुसऱ्याला लावायचे, धरलेलं बी फ्रिजमध्ये झोपवायचं, मग पेरायचं आणि पहिलं फूल बघायला तीन वर्षं थांबायचं. ते फूलही एकच दिवस टिकणारं! बियांच्या डब्यांसाठी माझं पनीर फ्रिजबाहेर जाई. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दंव पडू लागलं तेव्हा माझं ब्लँकेट रोपांवर गेलं. मी कुडकुडत तक्रार केली, तर म्हणाले, "सुहास, तुला पाय आहेत. थंडी वाजली तर घरात पळशील. ती बिचारी कुठे पळणार?"

माझं नाव संदीप.

"लग्नानंतर दोन वर्षं मला सुमन म्हणायचे," काकू आतून ओरडल्या. "तू रांगेत थांब!"

मी हसायचो, पण आतून जळायचो. सगळ्यांत जास्त शालू नावाच्या डेलिलीवर. गर्द जांभळी, सोनेरी काठाची. काकांच्या नऊ वर्षांच्या खटपटीतून आलेली. डिसेंबरात तिला कळी धरली, एकच. तिच्यासाठी काकांनी कुठल्याशा लाल फुलाचे पराग जपून ठेवले होते. ती उमलली त्याच सकाळी माझा रिझल्ट लागला. आईला फोन केला, तर तिने "जेवलास का?" एवढंच विचारलं, सेमिस्टर म्हणजे काय हे तिला कुठून कळणार? मी परसात धावलो.

"काका, पास झालो! सगळ्या विषयांत!"

"हळू, सुहास. शालू उमलतेय," म्हणत ते पराग आणायला आत, परसाकडच्या खिडकीजवळच्या फ्रिजकडे गेले.

मला काय झालं कोण जाणे. कचऱ्याच्या बिनजवळ आपोआप वाढलेल्या पिवळ्या डेलिलीचे पराग मी ओरबाडले, शालूला चोळले आणि खोलीत पळालो. चहाला हाक आली तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी कबूल केलं नाही. पुढे नोकरीसाठी मेलबर्नला आलो. काकूंना फोन करायचो, पण शालूचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात काकूंचाच फोन आला. "अरे, यांचे गुडघे गेले. घर विकून लेकाकडे आलो, स्कोफिल्ड्सला. फ्लॅटच्या बाल्कनीत एकच कुंडी मावते. दोनशेतून एक निवडताना यांनी मिनिटही लावलं नाही. फोटो पाठवते."

फोटोत साधंसं पिवळं फूल होतं, गळ्याशी किंचित जांभळं. कुंडीला चिठ्ठी होती, काकांच्या अक्षरात: "शालू गुणिले बिनजवळची पिवळी. पराग लावले: संदीपने, पास झाला त्या सकाळी."