प्रेमानंदने रिकामं ठेवलेलं कडवं

प्रेमानंदचं कौतुक मला कधीच सहन झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मस्कतच्या वादी कबीर भागात तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. दिवसा रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आणि संध्याकाळी बेस गिटार. चार जाड तारांची ही गिटार गाण्याच्या तळाशी घुमत असते आणि बहुतेकांना ती आहे हेही कळत नाही. तरी कल्याण-नागपूरचे स्टुडिओ याला गाणी पाठवतात, हा बेस भरून परत पाठवतो. चौदा एप्रिलच्या जयंतीला तिकडे वाजणाऱ्या निम्म्या गाण्यांत याची बोटं असतात.

वाद्य म्हणाल तर रंग उडालेलं. हॉटेलात वाजवणारा एक फिलिपिनो गावी जाताना याला विकून गेला. तारा त्याने आजवर बदललेल्या नाहीत. विचारलं तर म्हणतो, नव्या तारा फार बोलतात.

मी गातो. मस्कतमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे आधी एसी बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मग अंगावर बनियन, डोक्यावर पांघरूण आणि घामाच्या धारा. प्रेमानंदच्या बेसची वायर थेट लॅपटॉपमध्ये जाते. पोरं भांडू देत, कुकर शिट्ट्या मारू दे, हा एसीत बसून चहा पीत वाजवतो. कामं मात्र त्यालाच. माझा जळफळाट व्हायचा तो उगाच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. मला तिकीट मिळून मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्यावर मी एक गाणं लिहिलं. शेवटच्या कडव्यात त्यांच्या चपला अजून दारात आहेत, एवढंच आहे. हे एक गाणं तरी लोकांनी माझ्या आवाजासाठी लक्षात ठेवावं, असं फार वाटत होतं. बेससाठी नाइलाजाने प्रेमानंदकडेच गेलो.

त्याने भरून पाठवलं, ते सुंदर होतं. पण शेवटच्या कडव्यात बेसच नाही! अख्खं कडवं हा गप्प. परक्यांना भरभरून देणारा माणूस शेजाऱ्याच्या वेळी हात आखडतो, म्हणून मी तसाच वर गेलो आणि नको ते बोललो. फुकटात करायचं म्हणून उरकलंस, असंही म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, "अनुपभाऊ, तिथे तुमचा आवाज हलतो. मी वाजवलं तर ते झाकलं जाईल."

"घामाने बेजार झालो होतो, म्हणून हलला," मी म्हणालो. "झाकलं गेलं तर बरंच. तू वाजव."

त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कडवं भरून आलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात हॉलच्या मोठ्या स्पीकरवर ते गाणं लावलं. शेवटचं कडवं आलं आणि खुर्च्यांखालची फरशी घुमली. संपल्यावर लोक आले ते थेट प्रेमानंदकडे. शेवटाला बेस काय वाजवलाय, असं जो तो म्हणत होता. तो बिचारा हातात खिरीची वाटी घेऊन अवघडून उभा होता आणि माझ्याकडे बोट दाखवत होता. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. हे दान मीच मागून घेतलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

घरी आल्यावर तृप्तीने, माझ्या बायकोने, ते गाणं खामगावला आईला पाठवलं. आईने ते तिच्या साध्या फोनवर ऐकलं. त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस ऐकूच येत नाही. प्रेमानंदची सगळी मेहनत गेली, उरलो मी एकटा. मनातून मला बरं वाटलं.

आईचा फोन आला. गाणं दोनदा ऐकलं, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "अनुप, आखरीच्या कडव्यात रडला का रे तू?"

घामाचं कारण तोंडावर आलं होतं, पण आईला ते सांगता येईना. "हो, रडलो," मी म्हणालो. तृप्तीने चमकून माझ्याकडे पाहिलं, तिलाही ते माहीत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या त्या माणसाला मात्र आईच्याही आधी ते ऐकू आलं होतं. त्याच्या बोटांवर इतकी वर्षं जळलो, आता त्याच्या कानांवरही जळायचं आलं.