धारेच्या वेळचा अभंग

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पहाटे धार काढायला बसले की अभंग म्हणायचे. असे म्हणायचे की सगळ्या आळीला जाग यायची. मी सांगलीच्या हळदपेठेजवळ वाढलेली, लग्न होऊन रहिमतपूरजवळच्या या खेड्यात आलेली. माझं डोकं उठायचं. त्यात माणूस असा, की गारपिटीनं शाळू आडवा झाला तरी म्हणणार, "देवा, लय दिलंस." "काय दिलं, डोंबल!" मी चुलीपुढं पुटपुटायची.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी पाच महिन्यांची लेक. तापात माझं दूध आटलं, तेव्हापासून लेक म्हशीच्या दुधावर. म्हशीचं रेडकू जन्मतःच गेलेलं. मामंजींचा अभंग कानावर पडला की तेवढ्यावर म्हैस पान्हवायची.

मग मामंजींच्या घशात गाठ निघाली. सांगलीला ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला, कायमचा. ते दवाखान्यात होते तेवढे दिवस म्हैस पान्हा चोरायची. दूध रोज कमी कमी होत तांब्याभरावर आलं. आत्याबाई म्हणायच्या, "मालक आलं की सोडंल दूध."

मालक आले. दुसऱ्या दिवशी पहाटे चरवी घेऊन बसले, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तोंड उघडलं. नुसता वारा आला. म्हशीनं मागं वळून पाहिलं आणि चरवीला लाथ घातली. आत लेक भुकेनं टाहो फोडत होती. आणि मामंजी काय करत होते? डोळे मिटून हात जोडत होते!

माझा तोल गेला. "हात कसले जोडताय? गळा नेला त्यानं तुमचा! माझ्या पोरीनं काय प्यायचं आता?"

"आगं, गप की! सासऱ्याला बोलतीस?" आत्याबाई धावल्या.

मामंजी रागावले नाहीत. त्यांनी माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं, मग म्हशीकडं.

मी? मला तर आरतीत टाळ्या वाजवायलाही लाज वाटायची. पण पोरगी रडत होती. आत्याबाई चरवी घेऊन बसल्या आणि मी रागारागानंच सुरू केलं. आवाज चिरका, सूर कुठल्या कुठं. तीन वर्षं नको नको म्हणत ऐकलेलं बरंच पाठ झालं होतं. म्हशीनं कान टवकारले. पाय हलवायची थांबली. बारीक धार लागली.

तिसऱ्या कडव्याला मी अडले. पुढचं काही केल्या आठवेना. धार तुटली. घाबरून मी मामंजींकडं पाहिलं. ते समोर उकिडवे बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण एकेक अक्षर सावकाश, मला कळेल असं. मी ते ओठांवरून वाचलं आणि म्हटलं. त्यांनी पुढची ओळ दिली, मी म्हटली. चरवीत दूध वाजायला लागलं.

अभंग संपला. आत्याबाई दूध घेऊन लेकीकडं पळाल्या. मी उठायला लागले, तर मामंजींनी हातानं खूण केली, बस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. त्यांनी एक बोट वर केलं. अजून एक.

म्हशीची कास केव्हाच रिकामी झाली होती. मी खाली बसले आणि त्यांच्या ओठांकडं पाहू लागले.